वारीत रेंज गेली तरी दिंडीतला माणूस सापडला पाहिजे: टॉवरशिवाय फोन-टू-फोन मेसेजिंगची पूर्ण तयारी

2025 च्या आषाढी वारीत नातेपुत्याच्या मुक्कामाला आमच्या दिंडीतल्या एक मावशी चुकल्या. वय सत्तरीच्या पुढचं, जवळ साधा बटणाचा फोन. नेहमीच्या जागेवर चिखल झालेला म्हणून ट्रक दुसऱ्याच रानात लावला होता, ट्रकवाल्याने संध्याकाळी सातला ग्रुपवर लोकेशन टाकलं आणि ते आमच्यातल्या एकालाही पोचलं नाही. फोन लावला की लागायचा नाही, लागला तर आवाज तुटायचा. आम्ही चौघं बॅटऱ्या घेऊन तळावर राहुटी-राहुटी विचारत फिरलो आणि रात्री सव्वाबाराला माझ्या खिशात फोन वाजला म्हणून बघितलं तर ते सातचं लोकेशन आत्ता येऊन पडलेलं. मावशी शेवटी दुसऱ्या एका दिंडीत सापडल्या, त्या लोकांनी त्यांना पिठलं-भाकरी खाऊ घालून, अंगावर चादर घालून झोपवलं होतं. वारीत माणूस उपाशी राहत नाही हे खरंय, पण त्या पाच तासांत त्यांच्या सुनेचा चेहरा मी बघितलाय, आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून गेलेला नाही.

त्यानंतर गावात वेळोवेळी आणि कार्तिकीला पंढरपुरात आम्ही बऱ्याच गोष्टी करून बघितल्या. ज्या उपयोगी पडल्या त्या सगळ्या इथे सविस्तर लिहितोय, म्हणजे तुमच्या दिंडीतल्या व्यवस्थेच्या पोरांना पहिल्यापासून सगळं शोधत बसायला नको. वारीसाठी लिहिलंय, पण जत्रा, गणपती विसर्जन, सह्याद्रीतला ट्रेक, पुरात वीज जाऊन बंद पडलेले टॉवर, अशा सगळ्या ठिकाणी हेच चालतं.

आधी रेंज का जाते ते समजून घ्या

फोनवर काड्या पूर्ण दिसतात आणि तरी मेसेज जात नाही, असं वारीत सगळ्यांनी अनुभवलंय. काड्या फक्त एवढंच सांगतात की टॉवरचा सिग्नल तुमच्यापर्यंत नीट येतोय, टॉवरवर तुमच्यासाठी जागा आहे की नाही ते काड्या सांगत नाहीत. एका टॉवरला एका वेळी ठराविकच फोन सांभाळता येतात आणि एरवी काही हजार वस्तीच्या गावात एका रात्रीत लाखो माणसं उतरली की कंपन्यांनी गाडीवरचे तात्पुरते टॉवर आणून लावले तरी ते अपुरे पडतात. आणि गंमत बघा, मी माझ्या मागे चार रांगा सोडून चालणाऱ्या माणसाला मेसेज पाठवला तरी तो आधी टॉवरवर जातो, तिथून कुठल्यातरी लांबच्या शहरातल्या सर्व्हरवर जातो आणि तिथून परत त्याच टॉवरवरून त्याच्या फोनमध्ये येतो. माणूस हाकेच्या अंतरावर आणि मेसेज असा फिरून.

फोन-टू-फोन पद्धतीत हा फेराच काढून टाकलेला असतो. तुमच्या फोनचं ब्लूटूथ शेजारच्या फोनच्या ब्लूटूथशी सरळ बोलतं, तो फोन तोच मेसेज पुढच्याला देतो, तो त्याच्या पुढच्याला. आपल्याला हे समजायला अजिबात जड नाही, कारण दिंडीत अभंग असाच मागे जातो. विणेकरी चाल धरतात, पुढचे टाळकरी उचलतात, मग मधले, मग तुळशीवाल्या बाया, आणि शेवटच्या रांगेला विणेकऱ्यांचा आवाज स्वतःच्या कानाने ऐकू आला नसला तरी अभंग पोचलेला असतो. मधली एखादी रांग गप्प राहिली तर मात्र मागे तुटतो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढची सगळी तयारी त्यासाठीच आहे.

आणि हे काही नवीन खूळ नाही. 2020 मध्ये कोरोनात आरोग्य सेतू अॅप आपण सगळ्यांनीच टाकलं होतं, ते जवळून गेलेल्या फोनची नोंद ब्लूटूथनेच घ्यायचं. शेअरइट आणि झेंडरने तर गावोगावी इंटरनेटशिवाय पिक्चर आणि गाणी फिरवली, जून 2020 मध्ये सरकारने 59 अॅपवर बंदी घातली त्यात ही दोन्ही गेली. मेसेजिंगचं म्हणाल तर 2014 मध्ये हाँगकाँगच्या आंदोलनात लोकांनी फायरचॅट नावाचं अॅप वापरलं होतं, 2019 मध्ये तिथेच ब्रिजफाय वापरलं गेलं, आणि 2020 मध्ये लंडनच्या रॉयल हॉलोवे विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की ब्रिजफायवरचे मेसेज बाहेरच्याला वाचता येतात आणि दुसऱ्याच्या नावाने मेसेज टाकताही येतात. म्हणून सुरक्षिततेबद्दल खाली जे लिहिलंय ते नुसतं चाळून पुढे जाऊ नका.

अॅप कुठलं घ्यायचं

आम्ही बिटचॅट घेतलं. ट्विटरचे एक संस्थापक जॅक डॉर्सी यांनी ते 6 जुलै 2025 ला जाहीर केलं, आणि त्या दिवशी आषाढी एकादशी होती, आम्ही चंद्रभागेच्या वाळवंटात उभे होतो. ते घ्यायची कारणं तीन. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर चालतं आणि एकमेकांशी बोलतं. नंबर, ईमेल, ओटीपी काही लागत नाही, म्हणजे दिंडीतल्या साठीच्या काकांनाही पाच मिनिटांत चालू करून देता येतं. आणि एक मेसेज जास्तीत जास्त सात उड्या मारतो, म्हणजे मधल्या फोनवरून पुढे पुढे जातो.

ब्रायर हेही या कामात नावाजलेलं अॅप, इंटरनेटवर शोधलंत तर सगळीकडे त्याचीच शिफारस दिसेल. पण मे 2023 मध्ये केंद्र सरकारने 14 मेसेजिंग अॅप ब्लॉक केली त्यात ब्रायर आहे, तेव्हा कोणी एपीके फाइल पाठवली तरी ते टाकत बसू नका. दिंडी ही सार्वजनिक गोष्ट आहे, तिच्या व्यवस्थेत असली अडचण कशाला.

पायरी 1: माणसं ठरवा, अॅप नंतर

सगळ्या दिंडीला अॅप टाकायला सांगू नका, आम्ही आधी ते केलं आणि नुसता गोंधळ झाला. दीडशे माणसांच्या दिंडीत पंधरा-सोळा माणसं पुरतात. ती अशी निवडा की चालताना त्यांची जागा बदलत नाही. पताकावाल्यांजवळ दोन, विण्याजवळ दोन, टाळकऱ्यांच्या मध्यावर दोन, बायांच्या रांगांत सहा, अगदी शेवटी दोन, आणि ट्रक-टँकरवर दोन. प्रत्येक जागी दोन असायचं कारण म्हणजे एक जण पाणी प्यायला, लघवीला किंवा दर्शनाला बाजूला जाणारच. बायांच्या रांगांत बाईमाणूसच निवडा, कारण चुकतात त्या बऱ्याचदा वयस्कर बाया असतात आणि त्या शेजारणीला सांगतील, व्यवस्थेच्या पोराला सांगणार नाहीत. आमच्याकडे या कामात सगळ्यात पक्क्या निघाल्या त्या एक अंगणवाडी सेविका ताई, त्यांना फोनवर भरभर लिहायची सवयच आहे.

व्यवस्थेच्या पोरांना एकच विनंती, भजन चालू असताना फोन हातात दिसता कामा नये. फोनने आपलं काम खिशातूनच करायचं असतं, बघायचं ते विसाव्याला.

पायरी 2: घरच्या वायफायवर असतानाच सगळं टाकून घ्या

वारीत गेल्यावर डाउनलोड होणार नाही, त्यामुळे निदान महिनाभर आधी हे करा. अॅप अधिकृत स्टोअरवरूनच घ्या. बिटचॅट गाजायला लागल्यावर त्याच नावाची नकली अॅप निघाली होती, म्हणून एकाने प्रकल्पाच्या अधिकृत पानावरून लिंक काढायची आणि तीच सगळ्यांना द्यायची.

अॅप उघडलं की परवानग्या मागेल. ब्लूटूथ आणि जवळपासची उपकरणं या दोन्ही द्यायच्याच. जुन्या अँड्रॉइडवर लोकेशनही मागतं आणि लोक घाबरून नाही म्हणतात, मग अॅप उघडतं पण कोणी दिसतच नाही. अँड्रॉइड 11 आणि त्याआधीच्या फोनमध्ये ब्लूटूथने आजूबाजूला शोधायचं तर लोकेशनची परवानगी लागते, फोनची रचनाच तशी आहे, म्हणून परवानगीही द्या आणि लोकेशन चालूही ठेवा.

मग वर टोपणनाव लिहिलेलं असतं त्यावर टॅप करून ते बदला. इथे घरचं नाव नको, जागेचं नाव द्या. शेप1, शेप2, वीणा1, तुळस1, ट्रक1 असं. मेसेज आला की तो दिंडीच्या कुठल्या टोकाकडून आलाय ते लगेच कळतं, शिवाय कोणाचं खरं नाव बाहेर जात नाही.

वरती चॅनल दिसतं तिथे मेश (म्हणजे हीच फोन-टू-फोन साखळी) हेच निवडलेलं असू द्या. बाकीची जी ठिकाणाची चॅनल दिसतात, म्हणजे शहर, प्रांत वगैरे, ती इंटरनेटवरून चालतात आणि रेंज गेली की बंद. आमच्यातल्या दोघांनी चुकून तेच लावलं होतं, घरी वायफायवर छान चाललं आणि रानात गेल्यावर दोघंही गायब.

आता सगळ्यात जास्त त्रास देणारी गोष्ट. बऱ्याच फोनमध्ये बॅटरी वाचवायला स्क्रीन बंद झाली की अॅप झोपवतात किंवा मारूनच टाकतात. म्हणून सेटिंगमध्ये अॅपच्या पानावर जाऊन बॅटरीसमोर अनरिस्ट्रिक्टेड निवडा, ऑटोस्टार्ट असेल तर चालू करा, आणि अलीकडच्या अॅपच्या यादीत त्या अॅपवर कुलूप लावता येत असेल तर लावा. अॅप नीट जागं राहतंय का ते बघायची सोपी रीत म्हणजे फोन लॉक करून वीस मिनिटं खिशात ठेवायचा आणि मग शेजारच्या फोनवरून मेसेज टाकायचा. सोळापैकी सहा फोन आमच्याकडे या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाले. आयफोनमध्ये अॅप मागे गेलं की ब्लूटूथची हालचाल मंदावते, म्हणून साखळीत दोन आयफोन लागोपाठ ठेवू नका, मध्ये अँड्रॉइड असू द्या.

पायरी 3: पावलांनी अंतर मोजा

हे काम कोणीच करत नाही आणि सगळं यावरच अवलंबून आहे. कागदावर ब्लूटूथचं अंतर कितीही लिहिलेलं असो, तुमच्या फोनचं, तुमच्या खिशातून, गर्दीत किती चालतं ते तुम्हालाच मोजायला लागतं.

एका संध्याकाळी शाळेच्या मैदानावर जा. एकाने उभं राहायचं, दुसऱ्याने फोन हातात धरून चालत जायचं, दर दहा पावलांवर आकडा लिहून पाठवायचा, दहा, वीस, तीस. समोरच्याकडे येणारा शेवटचा आकडा म्हणजे तुमचं मोकळ्या जागेतलं अंतर. आम्हाला साधारण पन्नास पावलं मिळाली. मग तेच परत करा, पण फोन बंडीच्या खिशात घालून आणि पाठ फिरवून. आमची पन्नासची तेहतीस झाली. मग तिसऱ्यांदा, मध्ये वीस-पंचवीस माणसं उभी करून. आम्ही हरिपाठ झाल्यावर मंदिरासमोर सगळ्यांना दोन मिनिटं थांबायची विनंती केली, आणि तिथे अंतर आलं फक्त तेरा पावलं.

असं होतं कारण ब्लूटूथची लहर 2.4 गिगाहर्ट्झची असते आणि ती पाण्यात शोषली जाते, माणसाचं शरीर तर बहुतेक पाण्याचंच. म्हणजे वारीत गर्दीच आपली भिंत होते. पण त्याच गर्दीत आपले फोनही असतात, म्हणून मधली जागा भरून काढता येते.

फोन कुठे ठेवता यानेही मोठा फरक पडतो. पँटच्या मागच्या खिशात सगळ्यात वाईट. खांद्यावरच्या पिशवीत तळाशी, कपड्यांखाली आणि स्टीलच्या डब्याशेजारी असेल तर तो फोन नसल्यातच जमा. आम्हाला चांगलं काय वाटलं तर छातीवरचा खिसा, किंवा पडशीच्या पट्ट्याला खांद्यापाशी शिवून घेतलेलं छोटं प्लास्टिकचं पाकीट, जे पावसापासूनही वाचवतं आणि माणसांच्या खांद्याच्या उंचीवर असल्यामुळे लहर थोडी वरून जाते.

पायरी 4: साखळी लावा

आता हिशोब. दीडशे माणसं चार-चारच्या रांगेत चालली तर अडतीस-एक रांगा होतात, रांगेला सव्वा मीटर धरलं तर दिंडीची लांबी पन्नास मीटरच्या आत-बाहेर. तेरा पावलं म्हणजे साधारण नऊ मीटर. म्हणजे दर सहा-सात रांगांनंतर एक जागा असली की टोकापासून टोकापर्यंत मेसेज सहा उड्यांत जातो, सातच्या मर्यादेत बसतो. माणसं कमी असतील तर मधली जागा सोडू नका, टोकांकडची एकेक कमी करा. दिव्याच्या घाटात चढावर दिंडी ताणली जाते, तिथे शेवटच्या जोडीने थोडं पुढे यायचं आणि मधल्यांनी मागे-पुढे बघत चालायचं.

दिंडी चालत असताना तसंही आपण एकमेकांच्या नजरेत असतो, चुकामूक होते ती तळावर, विसाव्याच्या ठिकाणी, रिंगण सुटल्यावर आणि नदीवर. तिथे रांग राहत नाही. म्हणून आम्ही तळासाठी वेगळा नियम केला. तळावर पोचलं की ट्रकपासून पालखीच्या तंबूच्या दिशेला पाच माणसं उभी करायची, प्रत्येकी वीस-पंचवीस पावलांवर, शक्यतो कशावर तरी चढून, ट्रॉलीवर, ओट्यावर, बांधावर. उंचीवर गेलं की अंतर लगेच वाढतं. ही माणसं समाजआरती होऊन सगळे जेवायला येईपर्यंत हलायची नाहीत, दर अर्ध्या तासाने बदली करायची. चुकलेला माणूस या पट्ट्यात कुठेही आपल्या एखाद्या फोनवाल्याला भेटला की दोन मिनिटांत ट्रकवर कळतं.

पायरी 5: मेसेज कसा लिहायचा

मेशवर टाकलेला मेसेज त्या क्षणी साखळीत असलेल्यांनाच मिळतो असं धरून चाला. म्हणून महत्त्वाचा मेसेज तीनदा टाकायचा, पाच-पाच मिनिटांनी, आणि ज्याने वाचला त्याने "पोच" एवढंच लिहायचं. गप्पा, रामकृष्णहरी, फुलांचे फोटो यातलं काही नको, त्याला घरचा ग्रुप आहे.

आमचा साचा असा आहे, आधी वेळ, मग जागा, मग काम:

"6.40. ट्रक शाळेच्या मागच्या रानात, निळी ताडपत्री, भगवा बांबूवर. जेवण 8."

"7.15. हिरवं नऊवारी, तुळस डोक्यावर, पाण्याच्या टाकीपाशी बसवलंय. तुळस2 सोबत आहे. एक जण या."

वेळ लिहिणं फार गरजेचं, नाहीतर जुना मेसेज नवा समजून माणूस भलतीकडे पळतो. आणि जागा सांगताना डावीकडे-उजवीकडे लिहू नका, कारण तळावर कोणाचं तोंड कुठे असेल सांगता येत नाही. दिसेल अशी खूण सांगा, टाकी, शाळा, पंप, मोठं झाड.

काय लिहायचं नाही

मेशवरचा सार्वजनिक मेसेज त्या टप्प्यात ज्या कोणाकडे अॅप आहे त्या सगळ्यांना दिसतो, मग तो ओळखीचा असो वा नसो. त्यामुळे मोबाइल नंबर, पैशांचं काही, बायका कुठे झोपल्यात, कोण एकटं मागे राहिलंय आणि तिथे सोबतीला कोणीच नाही, हे असलं तिथे लिहायचंच नाही. असं काही असेल तर नावावर टॅप करून खासगी मेसेज पाठवा, तो एन्क्रिप्टेड असतो, म्हणजे मधल्या फोनवाल्यांना वाचता येत नाही. पण तिथेही भान ठेवा, अॅप आलं तेव्हा बनवणाऱ्यांनी स्वतःच इशारा दिला होता की याची बाहेरच्या तज्ज्ञांकडून सुरक्षा तपासणी झालेली नाही, म्हणून बँकेचं, आधारचं काही त्यावर नको.

टोपणनाव कोणीही काहीही घेऊ शकतं, उद्या तिसराच माणूस ट्रक1 नाव घेऊन चुकीची जागा टाकू शकतो. म्हणून निघण्याआधी सोळा जणांनी एकत्र बसून एकमेकांच्या नावावर टॅप करून फिंगरप्रिंट (बोटाचा ठसा नाही, अॅपमधला प्रत्येकाच्या ओळखीचा कोड) जुळवून घ्या आणि सगळ्यांना फेव्हरेट करून ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे. आणि ट्रकची जागा बदलल्याचा मेसेज आला तर तो ट्रकच्या खऱ्या माणसाकडून खासगीत पक्का केल्याशिवाय बाकीच्यांना हलवायचं नाही, हा आमचा नियम आहे.

फोन हरवला किंवा कोणाच्या हाती द्यायची वेळ आली तर वरच्या अॅपच्या नावावर तीनदा पटापट टॅप केलं की सगळं पुसलं जातं. सगळ्यांना हे दाखवून ठेवा, चुकून होऊ नये म्हणूनही.

फोटो आणि नकाशा

चुकलेल्या माणसाचा फोटो हातोहात फिरवायला अँड्रॉइडमधलं क्विक शेअर वापरा, आयफोनवाल्यांनी आपापसात एअरड्रॉप. ब्लूटूथ आणि वायफाय दोन्ही चालू लागतं, इंटरनेट लागत नाही. घेणाऱ्याने एव्हरीवन फॉर टेन मिनिट्स निवडायचं, फोटो आला की बंद. आम्ही तर निघायच्या दिवशीच प्रत्येक वयस्कर माणसाचा, त्या दिवसाच्या कपड्यात नाही तर चेहरा स्पष्ट दिसेल असा, फोटो काढून सोळाही फोनमध्ये ठेवायचं ठरवलंय. मात्र घरच्यांना विचारून, आणि वारी संपली की पुसून टाकायचे.

ऐन वेळी कोणाच्या फोनमध्ये अॅपच नाही असं झालं तर प्ले स्टोअरमध्ये मॅनेज अॅप्समध्ये शेअर अॅप्स म्हणून असतं, तिथून शेजारच्या फोनमधून अॅप घेता येतं.

नकाशा घरूनच ऑफलाइन डाउनलोड करा, आळंदी ते पंढरपूर सगळा पट्टा. जीपीएसला रेंज लागत नाही, ते उपग्रहावरून चालतं, त्यामुळे आपण कुठे आहोत ते टॉवर नसतानाही कळतं.

बॅटरी

गर्दीत फोनची बॅटरी सगळ्यात जास्त कशाने संपते तर टॉवरशी झटापट करण्यात. म्हणून जोडीतल्या एकाने फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा आणि मग ब्लूटूथ परत चालू करायचं. मेश चालू राहतं, बॅटरी दिवसभर पुरते. दुसऱ्याचा फोन नेहमीसारखा, म्हणजे घरचा फोन आला तर लागेल. 10,000 एमएएचची एक पॉवरबँक जोडीत, आणि दोन्ही फोनना चालणारी केबल. राहुटीत रात्री चार्जिंगला रांग लागते, तेव्हा साखळीतल्या फोनना आधी नंबर द्यायचा हे दिंडीप्रमुखांकडून सगळ्यांसमोर सांगून घ्या म्हणजे वाद होत नाहीत.

ट्रक लांब असेल तर

ट्रक बऱ्याचदा दुसऱ्या रस्त्याने पुढे जातो, मधलं अंतर पाच-सात किलोमीटर, तिथे ब्लूटूथ कामाचं नाही. त्यासाठी लोरा नावाच्या रेडिओचे छोटे बोर्ड मिळतात, त्यात मेशटॅस्टिक हे मोफत सॉफ्टवेअर टाकायचं, बोर्ड ब्लूटूथने फोनला जोडायचा आणि बोर्ड एकमेकांशी थेट बोलतात. फक्त लिहिलेला मजकूर जातो, आवाज आणि फोटो नाही, पण मोकळ्या माळावर किलोमीटरमध्ये जातो. दोन-तीन बोर्ड दिंडीला पुरतात, एक ट्रकवर, एक विण्याजवळ, एक मागे.

घेताना 868 मेगाहर्ट्झ म्हणून मिळतो तो घ्या (तो 865-867 वरही चालतो), 433 किंवा 915 चा नको. भारतात 865 ते 867 हा पट्टा ठराविक ताकदीच्या आत परवान्याशिवाय वापरता येतो, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये प्रदेश इंडिया हाच निवडा, आणि उपकरण भारतात मान्यता असलेलंच बघून घ्या. अँटेना लावल्याशिवाय बोर्डला करंट कधीच द्यायचा नाही, आतला रेडिओ जळू शकतो. पहिल्यापासून येणारं चॅनल सगळ्यांना खुलं असतं, तेव्हा स्वतःचं चॅनल आणि स्वतःची चावी बनवून क्यूआर कोडने तिन्ही बोर्डांत टाका. ट्रकवरचा बोर्ड केबिनमध्ये ठेवला तर पत्र्यात अडकतो, भगव्याच्या बांबूला वर बांधा. आमच्याकडे चिवड्याच्या प्लास्टिक डब्याला भोक पाडून त्यात बसवलाय, भोकाला एमसील, खाली पॉवरबँकची वायर, आत तांदळाची पुरचुंडी.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही

त्यांच्यासाठीच तर हे सगळं. प्रत्येकाच्या गळ्यात लॅमिनेट केलेलं कार्ड, त्यावर दिंडीचा नंबर, रथापुढे की रथामागे, गाव, आणि दिंडीप्रमुखांचा फोन. प्रत्येक वयस्कर माणसाला साखळीतला एक जोडीदार, तो फोनवरचा नाही, चालण्यातला. आणि चुकलं तर काय करायचं हे एकच वाक्य पाठ करून घ्यायचं: आहे तिथेच बसायचं, शेजारच्या माऊलीला कार्ड दाखवायचं, शोधत फिरायचं नाही. त्या मावशी स्वतःही आम्हाला शोधत फिरत होत्या, आम्ही एका बाजूने आणि त्या दुसऱ्या. तब्येतीचं किंवा जिवाचं काही असेल तर मेशची वाट बघू नका, जवळचा पोलीस, आरोग्य पथक किंवा 112.

रंगीत तालीम

निघण्याआधी दोनदा करा, एकदा दिवसा, एकदा रात्री. सोळाही फोनचं मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करायचं, एका माणसाला गावात कुठेतरी पाठवून द्यायचं आणि तो कुठे बसलाय हे फक्त एकाच जोडीला माहीत असू द्यायचं. मग ट्रकपर्यंत खबर यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघायचं. आमची पहिली वेळ होती बावीस मिनिटं, कारण मधल्या दोघांचे फोन झोपले होते. चौथ्या वेळी चार मिनिटं. कुठला फोन सारखा तुटतो ते तालमीतच कळतं, त्याची जागा बदला किंवा तो टोकाला ठेवा.

कार्तिकीला शेवटच्या तालमीत आम्ही त्याच मावशींना बसवलं होतं, नामदेव पायरीपासून थोडं लांब, एका हारवाल्याच्या दुकानापाशी. तुळस2 चा मेसेज आला, "4.10. हारवाला, पांढरी छत्री, मावशी चहा पितायत." मी पोच लिहिलं आणि निघालो.